थीब्जचा एक दिवस : इजिप्तला सहली नेणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून इजिप्तला समूह सहली नेणारे सर्व संयोजक, टूर लीडर आणि सहलींचे कार्यक्रम आखणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात राहणारी एक निवृत्त चित्रकला शिक्षिका आहे. गेल्या दिवाळीनंतर अडतीस जणांच्या एका समूहाबरोबर मी इजिप्तला जाऊन आले. ज्या दिवसाबद्दल हे पत्र आहे, तो लक्सरचा दिवस होता, म्हणजे प्राचीन थीब्जचा, आणि या सहलीसाठी मी जी वर्षे वाट पाहिली होती ती मुख्यतः त्या एका दिवसासाठी होती. हे पत्र मी एका कंपनीची तक्रार म्हणून लिहीत नाही. परत आल्यावर मी वेगवेगळ्या संयोजकांच्या कार्यक्रमपत्रिका मागवून शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा लक्सरचा दिवस बहुतेकांकडे जवळपास त्याच साच्यातून काढलेला दिसला. म्हणून हे पत्र सर्वांना आहे.

आमच्याबरोबरचे टूर लीडर अत्यंत मनमिळाऊ होते. वयस्कर मंडळींचा हात धरून त्यांनी पायऱ्या उतरवल्या, एका काकांचा रक्तदाब वाढला तेव्हा रात्रभर जागे राहिले, आणि नाईलच्या बोटीवर सकाळी साडेचारला सर्वांना चहा मिळेल याची काळजी घेतली. दोष माणसांचा नव्हता, दिवसाच्या आखणीचा होता, आणि आखणी बदलता येते असे मला वाटते, म्हणूनच लिहीत आहे.

त्या दिवशी मी वहीत वेळा टिपून ठेवल्या होत्या. सकाळी सहाला बस निघाली, शहराच्या दक्षिणेकडच्या पुलावरून नाईल ओलांडून आम्ही पश्चिम किनाऱ्यावर आलो. वाटेत मेम्नॉनचे पुतळे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिसऱ्या आमेनहोतेपच्या दोन भव्य मूर्तींपाशी दहा मिनिटे थांबलो. त्यानंतर व्हॅली ऑफ द किंग्ज, म्हणजे राजांचे खोरे : फाटकातून आत जाऊन बसमध्ये परत बसेपर्यंत एक तास वीस मिनिटे. त्यातून तिकिटांची रांग, स्वच्छतागृह, ज्या छोट्या विजेच्या गाडीला तिथले लोक ‘तफ्तफ’ म्हणतात तिची वाट पाहणे, आणि उन्हात उभे राहून ऐकलेली माहिती वजा केली, तर तीन थडग्यांच्या आत समूहाने प्रत्यक्ष घालवलेला वेळ एकतीस मिनिटे उरतो. पुढे हातशेपसुतच्या मंदिरात चाळीस मिनिटे. आणि त्यानंतर अलाबास्टर दगडाच्या वस्तूंच्या दुकानात सत्तर मिनिटे. दुपारी बोटीवर जेवण, मग कर्णकचे मंदिर सव्वा तास, अत्तराचे दुकान पाऊण तास, आणि दिवे लागल्यावर लक्सरचे मंदिर. रात्री बोट एस्नाच्या दिशेने सुटली.

म्हणजे पाचशे वर्षे ज्या खोऱ्यात इजिप्तने आपले राजे पुरले, जिथे आजवर साठाहून अधिक थडगी आणि खोल्या क्रमांक देऊन नोंदवल्या गेल्या आहेत, तिथल्या भिंतींना आम्ही एकतीस मिनिटे दिली आणि दुकानाला सत्तर. हा हिशेब मी कोणाला लाजवण्यासाठी मांडत नाही. आपण तो एकदा स्वतः कागदावर मांडून पाहावा एवढीच विनंती आहे, कारण बसमध्ये बसून पुढच्या ठिकाणाकडे जाताना तो लक्षात येत नाही.

आता त्या एकतीस मिनिटांत काय झाले ते सांगते. सर्वसाधारण तिकिटावर तीन थडगी पाहता येतात, हे आपल्याला माहीत आहे. तूतानखामून, पहिला सेती आणि पाचवा-सहावा रामसेस यांच्या थडग्यांना वेगळे तिकीट पडते. थडग्यांच्या आत मार्गदर्शकांनी व्याख्यान देऊ नये असा तिथला नियम आहे, आणि तो योग्यच आहे, कारण अरुंद बोगद्यात पाच-सहा गट एकाच वेळी उभे राहून ऐकू लागले तर कोणालाच हलता येणार नाही. परंतु या नियमाचा अर्थ असा होतो की जे सांगायचे ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या वाट्याला जी माहिती आली ती पाच-सात मिनिटांची, अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी, आणि तिचा बराचसा भाग तूतानखामूनच्या शापावर खर्च झाला. तूतानखामूनचे थडगे शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या माणसांना ४ नोव्हेंबर १९२२ रोजी पहिली पायरी सापडली, हे सांगितले गेले. आपण ज्या तीन थडग्यांत आता उतरणार आहोत तिथल्या भिंतींवर काय लिहिले आहे, हे सांगितले गेले नाही.

आम्ही प्रथम चौथ्या रामसेसच्या थडग्यात गेलो. आपल्या वयस्कर प्रवाशांसाठी हे थडगे फार सोयीचे आहे, कारण त्यात चढ-उतार जवळजवळ नाही, रुंद वाट सरळ आत जाते आणि शेवटी प्रचंड दगडी शवपेटी समोर येते. माझ्या शेजारी सांगलीच्या एक मावशी होत्या, वय बहात्तर. शवपेटीपाशी उभ्या राहून त्यांनी मान वर केली आणि छतावर अंग कमानीसारखे वाकवून पसरलेली ती लांबच लांब स्त्री पाहिली. त्यांनी विचारले, “ही बाई कोण हो?” त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला तिथे कोणी नव्हते. मागचा गट पुढे ढकलत होता, आमच्यातलेच कोणीतरी मोठ्याने माणसे मोजत होते, आणि “चला, चला, पुढे सरका” या आवाजात आम्ही बाहेर पडलो.

ती नूत होती, आकाशाची देवी. ती संध्याकाळी सूर्याला गिळते, रात्रभर तो तिच्या देहातून प्रवास करतो आणि पहाटे ती त्याला पुन्हा जन्म देते. खोऱ्यातल्या थडग्यांच्या भिंतींवर जे काही लिहिले-रंगवले आहे त्याचा फार मोठा भाग याच रात्रीच्या प्रवासाचा आहे : रात्रीचे बारा तास, प्रत्येक तासाचा एक प्रदेश, प्रदेशांमधली दारे, दारांवरचे रखवालदार, सूर्याची होडी ओढणारी माणसे, आणि ती होडी अडवणारा अपेप नावाचा महासर्प. मेलेला राजा त्या होडीत सूर्याबरोबर बसतो आणि त्याच्याबरोबरच सकाळी उगवतो. थडग्याची लांबच लांब वाट म्हणजे त्या रात्रीचीच वाट आहे. एवढे आदल्या संध्याकाळी बोटीच्या डेकवर वीस मिनिटांत मराठीत सांगता आले असते, तर मावशींना आत गेल्यावर कोणालाही विचारावे लागले नसते. ज्या बायका पहाटे उठून सूर्याला अर्घ्य देणाऱ्या आयांच्या हाताखाली वाढल्या, त्यांना ही कल्पना समजायला जड जाईल, असे मी तरी मानत नाही.

याच चौथ्या रामसेसच्या थडग्याचा नकाशा पपायरसवर, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या कागदावर, काढलेला सापडला आहे आणि तो आज इटलीतल्या तुरीनच्या संग्रहालयात आहे. बांधकामाच्या काळातल्या माणसांनी स्वतः काढलेला, दारांसह, मापांसह, मध्यभागी शवपेटी दाखवणारा. मी नोकरीच्या चाळीस वर्षांपैकी बरीचशी वर्षे मुलांना आराखडा काढायला शिकवण्यात घालवली. तो नकाशा छापील पानावर हातात घेऊन त्या थडग्यात चालण्याचा अनुभव आपण आपल्या प्रवाशांना एका झेरॉक्सच्या खर्चात देऊ शकता.

यानंतरची दोन थडगी मी समूहाबरोबर पाहिली नाहीत. मी आणि एका निवृत्त अभियंत्याने स्वतःच्या पैशाने पहिल्या सेतीच्या थडग्याचे तिकीट काढले. टूर लीडरांनी आधी वेळ नाही म्हणून सांगितले, मग आमची धडपड पाहून पंचवीस मिनिटे दिली आणि फाटकापाशी स्वतः आमची वाट पाहत थांबले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. हे थडगे १८१७ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्झोनी या इटालियन शोधकाने उघडले. खोऱ्यातल्या सर्वांत लांब आणि खोल थडग्यांपैकी ते एक आहे, सव्वाशे मीटरहून अधिक आत जाते, आणि जिन्यामागून जिना उतरत गेल्यावर अखेर कमानदार छताच्या खोलीत निळ्या आकाशावर रेखलेली नक्षत्रे दिसतात. परंतु ज्या खोलीसाठी मी तिथे गेले होते ती त्याहून साधी आहे. तिथले काम पुरे झालेच नाही. भिंतींवर पांढऱ्या गिलाव्यावर फक्त रेघा आहेत. आधी एका हाताने लाल रंगात काढलेल्या, आणि त्यांवर दुसऱ्या, अधिक अनुभवी हाताने काळ्या रंगात केलेल्या दुरुस्त्या. कुठे खांद्याची रेघ थोडी खाली घेतली आहे, कुठे पायाचा घोटा पुढे सरकवला आहे. नंतर दगडावर छिन्नी चालवणारा येणार होता, तो आला नाही.

मुलांच्या चित्रांवर मी आयुष्यभर हेच केले. पेन्सिलीच्या रेघेवर गडद रेघ ओढून, “बघ, इथे असं हवं होतं” म्हणत. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या एका गुरूने आपल्या हाताखालच्या मुलाची चूक दुरुस्त केली होती, तिच्यासमोर मी उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. अभियंता महाशय काही बोलले नाहीत, शांतपणे थोडे दूर जाऊन उभे राहिले.

त्याच थडग्यात आणखीही काही दिसते, आणि ते पाहिल्यानंतरच मला पुढचा मुद्दा लिहिण्याचा धीर झाला. एकोणिसाव्या शतकात तिथे ओला कागद भिंतीवर दाबून उठावाचे ठसे घेतले गेले आणि कागदाबरोबर रंगही निघून आला. चित्रलिपी वाचण्याची किल्ली जगाला देणाऱ्या शाँपोलियोंनेही १८२९ मध्ये तिथला एक भाग कापून नेला, तो आता पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. शवपेटी लंडनमध्ये आहे. प्रेमापोटी आणि विद्येपोटी आलेल्या माणसांनीही हे केले. आपल्याकडे १८१९ मध्ये अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचलेल्या जॉन स्मिथने दहाव्या लेण्यात स्वतःचे नाव कोरले, तेही आपण जाणतोच. आपल्या गडकिल्ल्यांच्या दगडांवर आजही काय काय कोरले जाते, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या समूहातील एका गृहस्थांनी, ते स्वभावाने सज्जन होते हे मी मुद्दाम नोंदवते, एका थडग्यात रखवालदाराच्या हातावर नोटा ठेवल्या. रखवालदाराने दोरी उचलली, गृहस्थ पलीकडे गेले, भिंतीवरच्या देवतेच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला, आणि तोही फ्लॅश लावून. बाहेर आल्यावर त्यांनी तो फोटो सर्वांना दाखवला. बक्षीस हा शब्द त्यांच्याकडेही तोच आहे, त्यामुळे व्यवहार समजायला दोघांनाही भाषांतराची गरज पडली नाही. त्या रखवालदाराला मी दोष देत नाही. त्याचा पगार किती असेल याची कल्पना करता येते. परंतु आपल्या प्रवाशाला आधी कोणी सांगितले असते की हाताचा घाम आणि तेल त्या रंगाला खाते, तर माझी खात्री आहे की त्याने हात मागे घेतला असता.

हात तर दूरच, आपला श्वासही त्या भिंतींना लागतो. तूतानखामूनच्या थडग्यात २००९ ते २०१९ अशी दहा वर्षे अमेरिकेतल्या गेटी संस्थेने इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याबरोबर संवर्धनाचे काम केले. दफनखोलीच्या भिंतींवरचे तपकिरी डाग वाढत आहेत की काय, ही शंका होती. ते मेलेल्या बुरशीचे, जुनेच डाग निघाले, हा दिलासा मिळाला. मात्र प्रवाशांच्या श्वासातून येणारी आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड, आणि कपड्यांबरोबर व बुटांबरोबर आत जाणारी धूळ, हा धोका खरा ठरला, म्हणून हवा खेळती ठेवण्याची नवी यंत्रणा बसवावी लागली. २०१४ पासून खोऱ्याच्या वाटेवर, कार्टरच्या घराजवळ, त्या थडग्याची हुबेहूब प्रतिकृती उभी आहे. तिथे गर्दी नसते, जवळ जाऊन पाहता येते, बसता येते. ज्यांना गुडघ्यांमुळे खोल उतरता येत नाही, किंवा बंद जागेत जीव घाबरतो, त्यांच्यासाठी ती प्रतिकृती उत्तम पर्याय आहे, आणि तिचे नाव मी पाहिलेल्या एकाही कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. तूतानखामूनचा सुवर्ण मुखवटा आणि त्याच्याबरोबर पुरलेला सारा खजिना आता गिझाच्या नव्या भव्य संग्रहालयात आहे, थडग्यात त्याची ममी आणि चार रंगवलेल्या भिंती आहेत, हेही लोकांना आधी सांगावे. आमच्यातले कित्येक जण आत सोने दिसेल या अपेक्षेने वेगळे तिकीट काढायला निघाले होते.

राजांच्या खोऱ्यावर एक नैसर्गिक शिखर आहे, पिरॅमिडच्या आकाराचे. त्याला अल-कुर्न म्हणतात. थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या श्रद्धेनुसार त्या शिखरावर मेरेतसेगेर नावाची नागरूपी देवी राहत असे. तिच्या नावाचा अर्थ ‘जिला शांतता प्रिय आहे ती’ असा होतो. नेफेराबू नावाच्या एका कारागिराने दगडावर लिहून ठेवले आहे की त्याच्या हातून शिखराचा अपराध घडला, त्याची त्याला शिक्षा झाली आणि मग देवीने दया केली. आपल्या गावच्या वेशीवरच्या देवीशी आपण जसे बोलतो तसेच हे बोलणे आहे. आत जाण्यापूर्वी आपल्या लोकांना त्या शिखराकडे बोट दाखवून एवढी एकच गोष्ट सांगितली, तर आत मोठ्याने हाका मारू नका, ही सूचना द्यावी लागणार नाही, असा माझा अनुभव सांगतो. वर्गातल्या मुलांना गप्प बसा म्हटल्याने ती गप्प बसत नाहीत, गोष्ट सांगितल्यावर बसतात.

आता ज्या जागी आम्हाला नेलेच नाही तिच्याबद्दल लिहिते. खोऱ्यापासून डोंगराच्या पलीकडे, बसने थोड्याच मिनिटांवर, देर अल-मदिना आहे : राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या माणसांचे गाव. घरांच्या भिंतींचे पाये अजून उभे आहेत, मधली अरुंद गल्ली दिसते, उंबरे दिसतात. दहा दिवसांच्या आठवड्यात आठ दिवस कामावर, तेव्हा मुक्काम डोंगराच्या खिंडीतल्या झोपड्यांत, आणि मग घरी. कोण कोणत्या दिवशी कामावर आला नाही आणि का, थडग्यात उजेडासाठी किती वाती दिल्या, कोणी कोणाकडून गाढव भाड्याने घेतले, याच्या नोंदी खापरांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर सापडल्या आहेत. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी धान्याचा शिधा वेळेवर आला नाही, तेव्हा या कारागिरांनी काम थांबवले, चौक्या ओलांडून ते खाली आले आणि देवळांपाशी जाऊन बसले. भूक आणि तहान यांनी आम्हाला इथे आणले, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितल्याची नोंद पपायरसवर आहे. लेखी पुरावा असलेला हा जगातला सर्वांत जुना संप मानला जातो.

माझे बालपण लालबागला गेले आणि वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर आमचे घर कसे चालले ते मला ठाऊक आहे. त्या गावाच्या गल्लीत दहा मिनिटे उभे राहायला मिळाले असते, तर मी त्या दिवसातल्या इतर पुष्कळ गोष्टी आनंदाने सोडल्या असत्या. आणि केवळ माझ्या भावनेचा प्रश्न नाही. याच कारागिरांनी स्वतःसाठी बांधलेली थडगी गावाच्या वरच्या उतारावर आहेत. सेन्नेजेमचे छोटे थडगे, जे १८८६ मध्ये अस्पर्शित सापडले, त्याच्या भिंतीवर तो आणि त्याची बायको परलोकातल्या शेतात नांगरणी आणि कापणी करताना दिसतात : तो बैल हाकतो आहे, ती मागून बी पेरते आहे. पिवळ्या पार्श्वभूमीवरचे ते रंग आजही ताजे आहेत. आपल्या समूहांत शेतकरी कुटुंबांतले लोक असतात. त्यांना राजांची नावे लक्षात राहणार नाहीत, पण हे चित्र राहील.

हातशेपसुतच्या मंदिराबद्दल थोडेच लिहिते. दुपारचे ऊन चढल्यावर त्या उघड्या चौकातून वर चढणे वयस्करांना फार जड जाते, म्हणून ते सकाळी पहिले घ्यावे. तिथे आम्हाला सांगण्यात आले की ही राणी पुरुषाचा वेष करायची आणि खोटी दाढी लावायची. लोक हसले आणि आम्ही जिना चढलो. इ.स.पू. पंधराव्या शतकात सुमारे वीस वर्षे राज्य करणाऱ्या एका स्त्रीबद्दल यापेक्षा अधिक सांगण्याजोगे आहे. मधल्या गच्चीच्या ओवरीत तिने पुंट देशाला पाठवलेल्या जहाजांचा प्रवास कोरलेला आहे : मुळांसकट टोपल्यांत घालून आणलेली सुगंधी धुपाची झाडे, पाण्यावर उभी घरे, आणि जहाजांखालच्या पाण्यातले मासे, इतके काळजीपूर्वक काढलेले की कोणत्या जातीचे ते ओळखता येते. तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी तिचे नाव आणि प्रतिमा ठिकठिकाणी छिन्नीने काढून टाकण्यात आल्या. त्या काढलेल्या जागा भिंतीवर स्पष्ट दिसतात, फक्त कोणीतरी बोट दाखवावे लागते.

कर्णकला सव्वा तास मिळाला, हे त्यातल्या त्यात बरे झाले. एकशे चौतीस खांबांच्या त्या सभामंडपात कोणीही मुकाट होते, तिथे माहितीची गरज कमी पडते. तरीही एक गोष्ट दाखवली तर पाहणे बदलते. मंडपाच्या उत्तरेकडच्या भागात पहिल्या सेतीच्या काळातले काम उठावाचे आहे, आकृती पृष्ठभागातून बाहेर आलेल्या. दक्षिणेकडे त्याच्या मुलाच्या, दुसऱ्या रामसेसच्या काळात खोदाई आत घेतली आहे, झपाट्याने होणारी आणि उन्हात खोल सावली टाकणारी. बाप आणि मुलगा यांच्या स्वभावातला फरक हाताने चाचपल्याशिवाय नुसत्या डोळ्यांनी कळतो. आमच्या समूहातल्या दोन शाळकरी मुलांना मी हे दाखवले आणि त्यांनी पुढची वीस मिनिटे कोणता खांब बापाचा आणि कोणता मुलाचा हे ओळखण्यात घालवली.

आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, जी मला कोणत्याच माहितीपत्रकात आढळली नाही. लक्सरच्या उत्तरेला चाळीस-एक किलोमीटरवर किफ्त नावाचे गाव आहे, ग्रीकांच्या काळात ते कोप्टोस होते. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके आणि म्योस होर्मोस या बंदरांत उतरलेला हिंदुस्थानचा माल उंटांवरून वाळवंट ओलांडून तिथे यायचा आणि नाईलमधून पुढे जायचा. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या पेरिप्लस या प्रवासवर्णनात आपले पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांची नावे आहेत, शिवाय कल्याण आणि सोपारा यांचीही. पैठण-तेरचा माल गाड्यांवर लादून भडोचला जाई आणि तिथून जहाजांवर चढे. बेरेनिकेच्या उत्खननात बुद्धाची मूर्ती आणि संस्कृत लेख मिळाला आहे, आणि राजांच्या खोऱ्यातल्या थडग्यांतही तमिळ-ब्राह्मी लिपीत कोरलेली नावे अलीकडे ओळखली गेली आहेत. तेरच्या संग्रहालयात जाऊन आलेल्या माणसाला हे कळल्यावर तो नाईलकडे वेगळ्या नजरेने पाहील.

माझी विनंती आता स्पष्ट शब्दांत मांडते. लक्सरला दोन दिवस द्यावेत : एक पश्चिम किनाऱ्याला पूर्ण, दुसरा पूर्व किनाऱ्याला. ते शक्य नसेल तर दुकाने ऐच्छिक करावीत, आणि ज्यांना खरेदी करायची आहे त्यांना जेवणानंतर वेगळे न्यावे. दुकानांकडून मिळणाऱ्या कमिशनवर सहलीची किंमत खाली ठेवली जाते, हे मी समजू शकते. मग ती किंमत वाढवून सांगा. सहलीवर लाखांत पैसे घालणारा माणूस त्या सत्तर मिनिटांसाठी आणखी काही हजार देईल, निदान त्याला तसे विचारून तरी पाहा. अडतीस जणांचा समूह थडग्यात एकत्र नेऊ नका, तीन तुकड्या करा, तीन वेगळ्या थडग्यांपासून सुरुवात करा. कोणाचे गुडघे कसे आहेत हे आदल्या दिवशी विचारून त्याप्रमाणे थडगी निवडा. मर्नेप्ताह राजाच्या थडग्याचा खडा उतार ज्यांना झेपणार नाही त्यांना चौथा रामसेस झेपतो. सेतीचे आणि सहाव्या रामसेसचे वेगळे तिकीट ज्यांना हवे आहे त्यांची यादी निघण्यापूर्वीच करा, म्हणजे फाटकापाशी कोणाला विनवणी करावी लागणार नाही. दोरी ओलांडण्यासाठी बक्षीस देणार नाही, हे प्रत्येकाकडून आधी कबूल करून घ्या, आणि त्याऐवजी रखवालदारांना सर्वांच्या वतीने काही द्यायचे असेल तर ते टूर लीडरांनी उघडपणे द्यावे. आदल्या संध्याकाळी अर्धा तास मराठीत बोलणारा, ज्याने हे वाचले आहे असा एक माणूस द्या.

सहप्रवाशांनाही एक सांगायचे आहे, कारण हे पत्र त्यांच्याही वाचनात येईल. कमी दिवसांत जास्तीत जास्त ठिकाणे हवीत, ही मागणी आपणच करतो. दोन कार्यक्रमपत्रिका समोर ठेवून ज्यात नावे अधिक ती आपण निवडतो. संयोजक आपल्याला तेच देतात जे आपण मोजतो.

परत आल्यावर मी चौथ्या रामसेसच्या थडग्याचा आराखडा, छतावरची नूत, रात्रीच्या बारा तासांची वाट, सेतीच्या खोलीतल्या लाल-काळ्या रेघा, देर अल-मदिनाची गल्ली आणि कर्णकचे दोन प्रकारचे कोरीवकाम, अशा सोळा पानांची एक सचित्र मराठी पुस्तिका हाताने तयार केली आहे. ज्या संयोजकांना हवी असेल त्यांनी तिच्या प्रती काढून प्रवाशांना वाटाव्यात. मला मोबदला नको, नावही नको. पुस्तिकेची पहिली प्रत मी सांगलीला पाठवली. बोट लक्सरहून सुटली त्या रात्री डेकवर मी मावशींना कागदी रुमालावर ती वाकलेली देवी काढून दाखवली होती आणि सूर्य कुठून आत जातो आणि कुठून बाहेर येतो ते सांगितले होते. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले होते, “मग उद्या सकाळी पुन्हा एकदा जाऊन बघता येईल का हो तिला?” किनाऱ्यावरचे दिवे तोवर मागे पडले होते.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
सातारा